कृत्रिम बुद्धिमत्तेची तयार शिकवणी : नाव तुमचे, जबाबदारी कोणाची?

शिकवणी आणि सल्ला यांवर पोट असणाऱ्यांना हल्ली एक नवी वस्तू विकली जात आहे. ती म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेचा तयार अभ्यासक्रम. आपले नाव घालायचे आणि आपल्या ग्राहकांना शिकवायचे. सोय मोठी आहे, पण त्या सोयीबरोबर अनेक वर्षांचा विश्वासही पणाला लागतो. घेणाऱ्याने आणि शिकणाऱ्याने काय पारखावे?

बंगळुरूच्या दक्षिणेकडील बसवनगुडी ही जुन्या वळणाची वस्ती. १८९८ च्या प्लेगच्या साथीच्या सुमारास, शहरातील दाट पेठांबाहेर माणसांना मोकळी हवा मिळावी म्हणून ती आकाराला आली. मोठ्या नंदीच्या देवळावरून तिला हे नाव पडले. कार्तिकाच्या अखेरच्या सोमवारी येथे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. तिला कन्नडमध्ये ‘कडलेकाई परिषे’ म्हणतात. शेंग फोडावी, दाणा दाताखाली घ्यावा आणि मगच माप मागावे, ही अशा बाजारातली साधी रीत.

शेंगांची पारख सोपी असते. ज्ञानाची पारख तितकी सोपी नसते. बसवनगुडीला ज्ञानाचा बाजारही नवा नाही. १९४५ मध्ये बी. पी. वाडिया आणि सोफिया वाडिया यांनी येथे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ वर्ल्ड कल्चर ही संस्था सुरू केली. तिचे ग्रंथालय आणि सार्वजनिक व्याख्याने यांची परंपरा मोठी आहे. १९४६ मध्ये बी. एम. श्रीनिवासय्या यांनी सुरू केलेले अभियांत्रिकी महाविद्यालय याच भागात आहे. नॅशनल कॉलेज तर या वस्तीची ओळखच. अशा वस्तीत शिकवण्या घेणारे, करसल्लागार, हिशेबनीस, नोकरीसाठी तयारी करून घेणारे मार्गदर्शक आणि लहान उद्योगांना सल्ला देणारे यांची वाण नसणे साहजिकच आहे.

या सर्वांना आज त्यांचे ग्राहक एकच प्रश्न विचारू लागले आहेत : “हे एआय म्हणजे काय? आम्हाला शिकवता का?”

मसाला एकाचा, पाकीट दुसऱ्याचे

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांसाठी खुले झाले आणि कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेतून थेट घराघरांत आली. मुले तिच्याकडून निबंध लिहून घेऊ लागली, दुकानदार जाहिराती लिहून घेऊ लागले. ज्यांचा व्यवसायच दुसऱ्याला मार्ग दाखवण्याचा, त्यांची मात्र पंचाईत झाली. ग्राहक विचारतो आणि आपल्याला येत नाही, हे कोणत्या सल्लागाराला परवडेल? आणि नव्याने शिकून, धडे तयार करून, मग शिकवायचे म्हटले तर तेवढा वेळ कोठून आणायचा?

या अडचणीतूनच तयार अभ्यासक्रमांचा धंदा उभा राहिला. एखादी कंपनी ध्वनिचित्रफिती, पडद्यावर दाखवायची पाने, सरावाचे प्रश्न, यंत्राला द्यायच्या सूचनांचे नमुने आणि शेवटी द्यायच्या प्रमाणपत्राचा साचा तयार करते. सल्लागार त्याचा परवाना विकत घेतो, त्यावर आपले नाव आणि बोधचिन्ह घालतो आणि आपल्या ग्राहकांना शुल्क आकारून शिकवतो. या धंद्यात त्याला ‘व्हाइट लेबल’ असे म्हणतात. म्हणजे मसाला एकाने कुटायचा आणि पाकिटावर नाव दुसऱ्याचे छापायचे.

यात मुळातच काही गैर आहे असे नव्हे. शाळेतले शिक्षकही पाठ्यपुस्तक स्वतः लिहीत नाहीत. शिंप्याकडे न जाता तयार कपडे आपण सर्वच घेतो. प्रश्न असा आहे की, कपडा अंगाला बसला नाही तर तो बदलून मिळतो. चुकीच्या शिकवणीतून झालेले नुकसान कोण बदलून देणार?

एक उदाहरण घेऊ

समजा, गांधी बाजाराजवळ वीस वर्षे लहान व्यापाऱ्यांचे हिशेब पाहणारी एक करसल्लागार आहे. किराणा दुकानदार, साड्यांचे विक्रेते, एखादा दवाखाना असे तिचे ग्राहक. तिने एक तयार अभ्यासक्रम विकत घेतला आणि रविवारी सकाळी वर्ग सुरू केला. पत्र कसे लिहून घ्यावे, जाहिरात कशी करावी, दिवसभराच्या कामांची यादी कशी बनवावी, हे सारे धड्यांत छान मांडलेले आहे. वर्ग रंगतो.

मग मागच्या बाकावरचा दुकानदार हात वर करतो. “मॅडम, जीएसटीची नोटीस आली आहे. तिचे उत्तर हे यंत्र लिहून देईल का?”

तयार धड्यात या प्रश्नाचे उत्तर नाही. धडे लिहिणाऱ्याला हा दुकानदार माहीत नाही आणि त्याची नोटीसही माहीत नाही. येथे बाई गडबडून “हो, देईल की” म्हणाल्या तर काय होईल? दुकानदार घरी जाऊन सगळी नोटीस, गिऱ्हाइकांच्या बिलांसकट, यंत्राला देईल. यंत्र दोन मिनिटांत सफाईदार भाषेत उत्तर लिहून देईल. त्यात एखाद्या न्यायालयाच्या निकालाचा दाखलाही असेल. कदाचित तो निकाल कधी लागलाच नसेल. दुकानदाराला ते कसे कळणार? त्याचा भरवसा यंत्रावर नाही, बाईंवर आहे. “मॅडमनी शिकवलं” एवढेच त्याला पुरेसे असते.

उदाहरण कल्पनेतले असले तरी धोका कल्पनेतला नाही. भाषा लिहिणारी ही यंत्रे अफाट मजकुरावर तयार केलेली असतात आणि आधीच्या शब्दांवरून पुढचा शब्द कोणता असावा याचा हिशेब मांडत लिहितात. त्यामुळे त्यांची भाषा नेहमीच ओघवती असते. माहिती मात्र कधी खरी असते, तर कधी बनावट. खरे सांगताना आणि खोटे सांगताना त्यांचा सूर सारखाच असतो. माणूस खोटे बोलताना अडखळतो, पण हे यंत्र अडखळत नाही.

थोरामोठ्यांनाही ठेच

डिसेंबर २०२४ मध्ये आयकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या बंगळुरू खंडपीठाचा एक आदेश अशाच कारणाने गाजला. त्यात ज्या निवाड्यांचा आधार दिला होता, त्यांतले काही अस्तित्वातच नसल्याचे आढळले आणि तो आदेश मागे घ्यावा लागला. हे दाखले कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनातून आले असावेत, अशी चर्चा तेव्हा वृत्तपत्रांतून झाली.

सल्ला देणाऱ्या बलाढ्य कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. ऑस्ट्रेलियात डेलॉइट या जगप्रसिद्ध कंपनीने तेथील सरकारसाठी सुमारे ४ लाख ४० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरचा एक अहवाल तयार केला. त्यात अस्तित्वात नसलेल्या संशोधनांचे संदर्भ आणि न्यायालयाच्या निकालातले म्हणून दिलेले एक बनावट अवतरण आढळले. अहवालाच्या कामात कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर झाल्याचे सुधारित आवृत्तीत नमूद करावे लागले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीने मोबदल्याचा काही भाग परत करण्याचे मान्य केले.

कॅनडातील प्रकरण सामान्य माणसाला अधिक जवळचे वाटेल. आजीच्या निधनानंतर विमानाचे तिकीट काढणाऱ्या एका प्रवाशाला एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरील उत्तरयंत्राने सवलतीबद्दल चुकीची माहिती दिली. कंपनीने बचावात असे म्हटले की, या यंत्राच्या बोलण्याला ते यंत्रच जबाबदार आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियातील न्यायाधिकरणाने हे म्हणणे फेटाळले आणि प्रवाशाला भरपाई देण्यास कंपनीला सांगितले.

या तिन्ही प्रकरणांचा धडा एकच. ज्याचे नाव वर असते, उत्तर त्यालाच द्यावे लागते. “धडे दुसऱ्याने बनवले होते” ही सबब ग्राहकापुढे चालत नाही. मोठी कंपनी पैसे परत करून पुढे जाते. वीस वर्षे एकाच गल्लीत कार्यालय चालवणाऱ्या सल्लागाराचा विश्वास एकदा गेला की, तो परत मिळवायला पुढची वीस वर्षे कोठून आणायची?

महाराष्ट्राचा जुना अनुभव

तयार शिक्षण स्थानिक शिक्षकाच्या हातून देण्याचा प्रयोग आपल्याकडे पूर्वीही झाला आहे. १९८१ मध्ये स्थापन झालेली एनआयआयटी आणि १९८६ मध्ये सुरू झालेली ॲपटेक यांनी संगणकाचे अभ्यासक्रम गावोगावच्या केंद्रांतून पोहोचवले. नव्वदच्या दशकात तालुक्याच्या गावीही “संगणक शिका” असे फलक झळकू लागले होते. कोणाकडे काय शिकवले जाते आणि त्या कागदाची किंमत किती, याची खात्री मात्र पालकांना नसे.

पुढे २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याने एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम आणला. महाराष्ट्रातील घराघरांत हे नाव पोहोचले. लाखो तरुणांनी, गृहिणींनी, सरकारी कर्मचाऱ्यांनी तो केला. धडे येथेही तयारच होते. केंद्र चालवणारा मात्र त्याच गावचा माणूस होता. माऊस धरताना थरथरणाऱ्या हाताला धीर द्यायचे काम तो करायचा.

या व्यवस्थेचे तीन पाय नीट पाहण्यासारखे आहेत. पहिला पाय म्हणजे तज्ज्ञांनी केलेला एकसारखा अभ्यासक्रम. दुसरा, शिकणाऱ्याची भाषा आणि अडचण ओळखणारा स्थानिक मार्गदर्शक. तिसरा पाय सर्वांत महत्त्वाचा. परीक्षा आणि प्रमाणपत्र शिकवणाऱ्या केंद्राचे नव्हते, ते राज्य तंत्रशिक्षण मंडळाचे होते. शिकवणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा.

आज कृत्रिम बुद्धिमत्तेचा जो तयार माल सल्लागारांना विकला जातो, त्यात पहिला पाय असतो. दुसरा पाय सल्लागाराने स्वतः मेहनत घेतली तरच असतो. तिसरा पाय बहुधा नसतोच. जो शिकवतो, तोच प्रमाणपत्र छापतो. दोन पायांच्या तिवईवर किती भार द्यायचा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

फुकट मिळते ते विकत कशाला?

पैसे मोजण्याआधी आणखी एक गोष्ट माहीत असावी. कृत्रिम बुद्धिमत्तेची तोंडओळख करून देणारे उत्तम अभ्यासक्रम विनामूल्य उपलब्ध आहेत. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाने २०१८ मध्ये ‘एलिमेंट्स ऑफ एआय’ हा अभ्यासक्रम सर्वांसाठी खुला केला. आपल्या देशातील किमान एक टक्का लोकांना हा विषय समजावा, असे साधे उद्दिष्ट त्यामागे होते. पुढे जगभरातील दहा लाखांहून अधिक लोकांनी त्यात नावे नोंदवली. भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये १०,३७२ कोटी रुपयांच्या इंडिया एआय मिशनला मंजुरी दिली आणि त्याअंतर्गत नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘युवा एआय फॉर ऑल’ हा सुमारे साडेचार तासांचा मोफत अभ्यासक्रम सुरू केला. पुण्यात १९८१ मध्ये जन्मलेल्या आणि १९८३ मध्ये बंगळुरूला आलेल्या इन्फोसिसनेही ‘स्प्रिंगबोर्ड’ या नावाने शिक्षणाचे मोफत व्यासपीठ उघडले आहे.

मग सल्लागाराला पैसे कशाचे द्यायचे? माहितीचे नव्हे. आपल्या दुकानाला, आपल्या दवाखान्याला, आपल्या मुलाच्या अभ्यासाला ही माहिती कशी लागू करायची आणि कोठे लागू करायची नाही, हे समजावून सांगणाऱ्या माणसाच्या वेळेचे. बसवनगुडीतल्या एखाद्या वर्गात कन्नड, तमिळ, तेलुगू आणि मराठी बोलणारे शेजारी शेजारी बसलेले असू शकतात. १६३८ नंतर शहाजीराजांना बंगळुरूची जहागीर मिळाली, तेव्हापासून मराठी माणूस या शहरात आहे. यांतल्या प्रत्येकाला ज्या भाषेत प्रश्न सुचतो, त्या भाषेत उत्तर हवे असते. परक्या उच्चारातली, परक्या देशातल्या कचेरीची उदाहरणे देणारी चित्रफीत ते देऊ शकत नाही. जो सल्लागार ती नुसती लावून देतो, तो आपल्या वेळेचे पैसे घेऊन दुसऱ्याचा वेळ विकत असतो.

मोफत म्हणजे बिनमालकीचे नव्हे, हेही येथे सांगायला हवे. कोणाचा तरी मोफत अभ्यासक्रम उतरवून, नाव पुसून, आपला म्हणून विकणे हे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात अडकवू शकते. परवाना विकत घेतला असेल तर त्यात धडे बदलण्याची, भाषांतर करण्याची आणि नाव घालण्याची मुभा आहे का, हे वाचूनच सही करावी.

गुपित ते गुपित

सल्लागाराच्या कपाटात ग्राहकाचे अर्धे आयुष्य असते. मिळकतीचे आकडे, आजारपणाचे कागद, भावाभावांच्या वाटण्या, मुलांचे गुण. वर्गात सरावासाठी म्हणून हेच कागद यंत्राला दिले गेले तर? अनेक सेवांमध्ये आपण लिहिलेला मजकूर पुढे यंत्र सुधारण्यासाठी वापरला जाऊ शकतो. काहींत तो वापर बंद करण्याची सोय असते, पण ती शोधून लावावी लागते.

देशात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. त्यातील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. कायद्याची वाट न पाहताही एक नियम सहज पाळता येईल. जो कागद आपण चौकातल्या फळ्यावर लावणार नाही, तो यंत्रालाही देऊ नये. आधार क्रमांक, पॅन, बँकेचा तपशील, वैद्यकीय अहवाल आणि ग्राहकांची नावे सरावात कधीच वापरू नयेत. ज्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या धड्यात हे सांगितलेले नाही, तो कितीही देखणा असला तरी अपुरा आहे.

नरसिंहय्यांचे गाव

बसवनगुडीच्या नॅशनल कॉलेजचे नाव डॉ. एच. नरसिंहय्या यांच्यामुळे देशभर झाले. भौतिकशास्त्राचे हे प्राध्यापक पुढे बंगळुरू विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९७६ मध्ये त्यांनी चमत्कारांची शास्त्रीय तपासणी करण्यासाठी समिती नेमली आणि मोठे वादळ उठले. साधी राहणी, कॉलेजच्या वसतिगृहातली खोली आणि “प्रश्न विचारा” हा आग्रह त्यांनी आयुष्यभर सोडला नाही. १९६२ मध्ये त्यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या बंगळूर सायन्स फोरमने सामान्य लोकांसाठी विज्ञानाची साप्ताहिक व्याख्याने चालवली. २००५ मध्ये नरसिंहय्या गेले.

त्यांची आठवण येथे विनाकारण आलेली नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेचे शिक्षण म्हणजे यंत्राला हुकूम कसा द्यावा एवढेच नव्हे. यंत्राने दिलेले उत्तर कसे तपासावे, हा त्याचा अर्धा भाग आहे, किंबहुना मोठा भाग आहे. तयार अभ्यासक्रमांत पहिल्या भागाचे धडे भरपूर असतात, कारण ते शिकायला गंमत वाटते. दुसऱ्या भागाला मेहनत लागते, म्हणून तो उरकला जातो. चमत्कार दाखवून टाळ्या मिळतात. तो तपासायला शिकवणारा मात्र गुरू ठरतो.

सल्लागारांसाठी

तयार अभ्यासक्रम घ्यायचाच असेल तर काही पथ्ये पाळावीत.

१. आधी स्वतः संपूर्ण करावा. जो धडा आपल्याला समजला नाही, तो शिकवू नये.

२. अभ्यासक्रम शेवटचा कधी सुधारला, हे विचारावे. या विषयात काही महिन्यांत साधने बदलतात. वर्षभरापूर्वीची चित्रफीत कदाचित नसलेली बटणे दाखवत असेल.

३. निदान काही उदाहरणे आपल्याच ग्राहकांच्या कामातली, नावे आणि आकडे बदलून, स्वतः तयार करावीत.

४. “धडे अमुक कंपनीचे आहेत, मार्गदर्शन माझे आहे” हे मोकळेपणाने सांगावे. याने मान कमी होत नाही, उलट वाढतो.

५. न येणाऱ्या प्रश्नाला “पाहून सांगते” किंवा “पाहून सांगतो” म्हणण्याची लाज बाळगू नये. यंत्राला जे जमत नाही, ते हेच आहे.

६. कर, कायदा आणि औषध या तीन बाबतींत यंत्राचे उत्तर जाणकाराने तपासल्याशिवाय वापरू नये, असे प्रत्येक वर्गात बजावावे.

शुल्क भरणाऱ्यांसाठी

मुलाला, सुनेला किंवा स्वतःला अशा वर्गात घालण्यापूर्वी शांतपणे पाच प्रश्न विचारावेत. धडे कोणी तयार केले? शिकवणारी व्यक्ती स्वतः हे काम कोठे वापरते? शंका विचारायला वेळ किती? प्रमाणपत्र कोण देते आणि ते कोठे मानले जाते? पसंत न पडल्यास शुल्क परत मिळते का, आणि तसे लेखी आहे का?

“नोकरीची शंभर टक्के हमी”, “आजच नाव नोंदवा, शेवटच्या दोन जागा” अशा जाहिरातींना भुलू नये. शिकवणी केंद्रांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना आळा घालण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आहेत. निवडीची किंवा नोकरीची खोटी हमी देणे आणि जागा संपत आल्याचा खोटा आभास निर्माण करणे यांना त्यांत मनाई आहे. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. पावती आणि जाहिरातीचा कागद मात्र जपून ठेवावा.

नव्या विद्येला घाबरून दूर राहणे शहाणपणाचे नाही. ज्या पिढीने चाळिशीत माऊस धरायला शिकून घेतले, ती पिढी हेही शिकू शकते. तिला हवा असतो शेजारी बसून चूक दाखवणारा माणूस. चकचकीत प्रमाणपत्र भिंतीवर लावता येते. पुढच्या वेळी यंत्राने आत्मविश्वासाने चुकीचे सांगितले तेव्हा शिकणाऱ्याने ते ओळखले, तर शुल्क वसूल झाले असे समजावे. तेवढे साधले तर धडे तयार असोत की घरचे, शिकवणारा आपल्या नावाला जागला.